घरातली कसम, कोर्टातली शपथ

आमच्या घरात दिवसाला पाच-दहा कसमा सहज होतात. मासळीवालीशी घासाघीस करताना "अल्लाह कसम, काल ह्याच भावाने नेली," उशीर झाला की "पोरांची शप्पथ, गाडीच नव्हती." तोंडात बसलेल्या अशा कसमांबद्दल सूरह बकरात दिलासा आहे (2:225): नकळत निघालेल्या शपथांसाठी अल्लाह तुम्हांला पकडणार नाही, मनाने जे कमावले त्यासाठी पकडील. पोरांच्या कसमेबद्दल मात्र हदीस अगदी सरळ आहे. ज्याला शपथ घ्यायची त्याने अल्लाहची घ्यावी, नाहीतर गप्प राहावे. अम्मी हे आम्हां भावंडांना लहानपणापासून ऐकवत आली होती. पण शपथेला वजन किती असते, हे ती स्वतः साक्षीला उभी राहिली तेव्हा आम्ही पाहिले.

दावा परळच्या एका खोलीचा होता. आमचे नाना गिरणीकामगार. चाळीतली एक खोली, तीही भाड्याची. नानांचा इंतकाल झाला आणि भाडेपावती कोणाच्या नावावर करायची, ह्यावरून घर दुभंगले. भाड्याच्या घराचा कायदा (आधी 1947चा होता, आता महाराष्ट्राचा 1999चा आहे) असे सांगतो की राहत्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. आपसात एकमत नसेल तर कोर्ट ठरवते. म्हणजे सगळा दावा एका प्रश्नावर येऊन थांबतो: त्या दिवसांत त्या खोलीत कोण राहत होते? थोरले मामू म्हणाले, फक्त मी. धाकटे मामू आधीच अल्लाहला प्यारे झालेले. त्यांची बेवा आणि दोन मुले म्हणत होती, आम्हीही तिथेच होतो. नानांच्या आजारपणात दर जुम्म्याला डबा घेऊन जाणारी अम्मी. तिने डोळ्यांनी पाहिले होते. मामीने तिचे नाव साक्षीदारांत दिले.

मामूंचा निरोप आला, "कुरआनावर हात ठेवून सांगशील?"

हे आव्हान आपल्या समाजात जुने आहे आणि एके काळी कायद्यातही बसत होते. कंपनी सरकारच्या कोर्टांत मुसलमानाला कुरआनावर आणि हिंदूला गंगाजलावर शपथ घ्यायला लावत. ह्या सक्तीने लोकांची मने दुखावतात आणि न्यायात अडथळा येतो, असे खुद्द कायद्यातच लिहून 1840 साली ती बंद केली. पुढे 1873च्या कायद्याने हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांना शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायला सांगितले. म्हणजे आपले पणजोबा धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात उभे राहिले असतील, तर तिथे ना कुरआन होता ना कसम. (सिनेमातले लाल फडक्यातले पुस्तक कुठून आले, कोण जाणे.) त्याच 1873च्या कायद्यात एक जुनी वाटही ठेवली होती. एका पक्षाने म्हणावे, समोरच्याने अमुक शपथ घेतली तर मी बांधील. आणि त्याने ती घेतली, की तेवढ्यापुरता तोच अखेरचा पुरावा. 1969च्या शपथ कायद्यात ही वाट उरली नाही. आता हिंदू असो, मुसलमान असो की कोणी धर्म न मानणारा, ईश्वराची शपथ किंवा प्रतिज्ञा, दोन्हींतली निवड साक्षीदाराची. आपल्या समाजात मानली जाणारी वेगळी पद्धत हवी असेल तर तो मागू शकतो. परवानगी देणे न देणे कोर्टाकडे.

शरियतमध्येही मामूंची मागणी बसत नव्हती, असे आम्हांला वाटते. तिथला नियम आहे की पुरावा दावा करणाऱ्याने द्यावा आणि शपथ नाकारणाऱ्याने घ्यावी. अम्मी तर दोन्हींपैकी कोणीच नव्हती. ती साक्षीदार होती.

पण खरी परीक्षा कोर्टाच्या आधी, वकिलाच्या टेबलावर झाली. 2002 पासून दिवाणी दाव्यात साक्षीदाराची सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते. कागद इंग्रजीत टाईप होऊन आला. अम्मी म्हणाली, मराठीत वाचून दाखवा, एकेक ओळ. चौथ्या परिच्छेदात लिहिले होते की धाकटे मामू आणि मामी लग्न झाल्यापासून त्याच खोलीत राहत होते. अम्मी थांबली. "लग्नानंतर पहिली काही वर्षं मी रत्नागिरीला होते. तेव्हा कोण कुठे राहत होतं, मला काय माहीत?" वकीलसाहेब म्हणाले, खाला, हे खरंच आहे, मामी सांगतात ना. अम्मीने ओळ काढायला लावली. मामी नाराज झाली. आम्हीही कुजबुजलो, की एका ओळीने काय बिघडते.

बिघडते ते नंतर वाचले. खोटी साक्ष म्हणजे केवळ खोटे बोलणे नव्हे. दंड विधानाच्या 191व्या कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिले होते, आणि नव्या न्याय संहितेतही आहे, की जे आपल्याला माहीत नाही ते माहीत आहे असे शपथेवर सांगणे हीसुद्धा खोटी साक्षच. मग ती गोष्ट खरी निघो. न्यायालयातल्या खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. अम्मीने कायदा वाचला नव्हता. शहादत म्हणजे पाहिलेले सांगणे, एवढा शब्दाचा अर्थ तिला पुरला.

मधल्या काळात नातेवाईक येऊन गेले. कोणी तिला खोटे बोल असे म्हणाले नाही. सगळे म्हणाले, "आठवत नाही म्हण. भावाच्या विरोधात कशाला?" असा दबाव मुंबईला नवा नाही. 1861 साली महाराज लायबल खटल्यात भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांनी ठरवले होते की आपल्यातल्या कोणी महाराजांविरुद्ध साक्ष देऊ नये. सुप्रीम कोर्टाने ह्या पुढाऱ्यांवर वेगळा खटला चालवून त्यांना कट केल्याबद्दल दोषी ठरवले. मुख्य खटल्यात डॉ. भाऊ दाजींसारख्यांनी उभे राहून साक्ष दिलीच. कुरआनात हेच जास्त कडक शब्दांत आहे: साक्ष लपवू नका, जो लपवतो त्याचे मन गुन्हेगार (2:283). आणि सूरह निसात (4:135) तर आईबाप, नातलग, स्वतःविरुद्धही साक्ष द्या म्हटले आहे. अम्मीने ती आयत पाहुण्यांना ऐकवली नाही, चहा दिला.

अब्बांचा मुद्दा वेगळाच. ते हनफी, अम्मी कोकणी शाफई. जाणूनबुजून घेतलेल्या खोट्या शपथेला हनफींकडे कफ्फारा नाही, फक्त तौबा. शाफईंकडे कफ्फारा आहे, दहा गरिबांना जेवण किंवा कपडे, नाही जमले तर तीन रोजे. "तुमच्यात सुटका आहे बघ," अब्बा चिडवत म्हणाले. अम्मी म्हणाली, "दहा जणांना जेवू घालून मामीच्या पोरांना खोली परत मिळते का?" ह्यावर दोन्ही मसलकांत वाद नाही. दुसऱ्याचा हक्क बुडवला तर तो परत करावाच लागतो.

तारखेला एल्फिन्स्टनहून मरीन लाइन्स, तिथून चालत धोबी तलाव. पिंजऱ्यात अम्मीने ईश्वराची शपथ घेतली, "खरे सांगेन, पूर्ण खरे सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही." पाऊण मिनिटही लागले नाही. ती शपथ चुकून राहून गेली असती तरी 1969च्या कायद्याप्रमाणे तिची साक्ष रद्द झाली नसती आणि खरे बोलण्याचे बंधनही सुटले नसते. बंधन शब्दांच्या आधीपासूनचे आहे, असे आम्ही त्यावरून समजलो.

उलटतपासणी तासभर चालली. मामूंच्या वकिलांनी बरीच वर्षे मागे नेले. अम्मीची निम्मी उत्तरे "मला माहीत नाही" अशी होती. शेवटी त्यांनी विचारले, भावाशी तुमचे वैर आहे म्हणूनच तुम्ही आलात ना? ती म्हणाली, "नाही साहेब. दर ईदला तो मला साडी देतो." मामू समोरच्या बाकावर बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

निकाल मामीच्या बाजूने लागला. पुढच्या दोन ईदना साडी आली नाही. मामूंकडे शीरखुर्म्याचा डबा मात्र अम्मी दोन्ही वेळा आमच्याच हाती पाठवत राहिली, आणि डबा रिकामा, धुऊन परत येत राहिला.