कळफलकावरची उर्दू

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शाळेतल्या संगणकाच्या कळफलकावर इंग्रजी अक्षरं आहेत. उर्दू माझ्या बोटांच्या लक्षात आहे. 'ए' दाबली की अलिफ, 'बी' दाबली की बे.

अब्बाही शिक्षक होते. सहामाहीची प्रश्नपत्रिका ते हाताने स्टेन्सिलवर लिहीत. नस्तालिकमध्ये एक अक्षर दुसऱ्यावर तिरकं रेलतं, म्हणून ती यंत्राला लवकर वश झाली नाही. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती काढल्या, तेव्हा कुठे १९८१ मध्ये 'नूरी नस्तालिक' छापखान्यात आली. दिल्लीत इनपेज तयार झालं १९९४ मध्ये. त्याच्यामुळे माझीही प्रश्नपत्रिका देखणी होते. पण जुन्या इनपेजमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की नुसती भलतीच चिन्हं उमटतात.

म्हणून ईदच्या आधी अम्मीला चार ओळी मोबाइलवरच लिहून पाठवल्या. तिच्या मोबाइलवर उर्दू नस्ख वळणात दिसते, कुराणशरीफच्या अक्षरांसारखी. लगेच फोन आला, "बेटा, ये अरबी में क्या लिखी?"

मला हसू आलं, मग वाईट वाटलं. माझ्या वर्गातली मुलं मोबाइलवर हेच वळण बघत मोठी होताहेत. नस्तालिकचे फाँट फुकट मिळतात, पण ते हवेत असं आधी वाटायला तर हवं!

रात्री बोरू काढला. त्याच चार ओळी कागदावर लिहिल्या आणि फोटो पाठवला. अम्मी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेरे अब्बा का हाथ है."