दोन अक्षरे, हजारो कोस (थ्रेड)

२०१५ साली बेल्जियममध्ये फ्रेंच भाषेतील स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा झाली. अजिंक्यपद मिळाले ते न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांना. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. स्पर्धेपूर्वी सुमारे नऊ आठवडे त्यांनी फ्रेंच शब्दयादी तोंडपाठ केली आणि ज्या भाषेत एक संवाद साधता येत नाही, त्या भाषेच्या जाणकारांना तिच्याच शब्दांनी हरवले.

या विजयाने एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. पटावर मांडलेल्या शब्दाला अर्थ असतो काय? अनेक मुरलेले स्पर्धक म्हणतात, नसतो. तेथे केवळ गुण असतात. परंतु मित्रहो, ज्या चिमुकल्या, विचित्र इंग्रजी शब्दांवर हे खेळाडू डाव जिंकतात, त्यांतील प्रत्येक शब्द कोठून तरी आला आहे. कोणी डोंगरातून, कोणी बाजारातून, कोणी साम्राज्याच्या सामानातून. हा थ्रेड त्यांच्याविषयी.

प्रथम खेळाच्या जनकाविषयी. आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतील वास्तुविशारद. महामंदीत, १९३१ च्या सुमारास, त्याची नोकरी गेली. रिकाम्या हातांना काम हवे म्हणून त्याने अक्षरांचा खेळ रचायला घेतला. इंग्रजीत कोणते अक्षर किती वेळा येते हे ठरविण्यासाठी तो वर्तमानपत्रांची पाने समोर घेऊन एकेक अक्षर मोजत बसे. आजच्या १०० सोंगट्यांचे प्रमाण त्या मोजणीतून आले: ई बारा, क्यू एकच, झेड एकच. एस मात्र त्याने मुद्दाम चारांवर रोखला, नाहीतर अनेकवचने करून सारेच सुटले असते. खेळणी बनविणाऱ्या कंपन्यांनी खेळ नाकारला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने तो हाती घेऊन 'स्क्रॅबल' हे नाव दिले. पुढच्या वर्षी २,४०० संच तयार झाले आणि ४५० डॉलर तोटा झाला. भाग्य उजळले ते १९५० नंतरच्या दशकात. बट्स स्वतः शुद्धलेखनात कच्चा होता आणि पत्नी नीना त्याला त्याच्याच खेळात हरवीत असे, हे तो मोकळेपणाने सांगे.

क्यूची एकमेव सोंगटी दहा गुणांची. पण तिच्या पाठोपाठ यू आला नाही तर ती गळ्यातली धोंड होते. तिची सुटका करणारा शब्द म्हणजे क्यू-आय, उच्चार 'ची'. चिनी विचारातील प्राण, श्वास, देहातून वाहणारी शक्ती. पूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांत तो सी-एच-आय असा लिहिला जाई. चीनने १९५८ साली रोमन लिपीतील पिनयिन ही लेखनपद्धती स्वीकारली आणि त्या ध्वनीसाठी क्यू हे अक्षर नेमले. साक्षरतेच्या मोहिमेसाठी बेजिंगमध्ये घेतलेला तो निर्णय! २००६ साली उत्तर अमेरिकेच्या स्पर्धा-यादीत हा शब्द दाखल झाला आणि क्यूची भीती एका रात्रीत ओसरली.

एक्स-यू ही तर लहानशी वसाहतकथा आहे. फ्रान्समध्ये 'सू' नावाचे हलके नाणे होते. त्याचे मूळ रोमन 'सॉलिडस' या सोन्याच्या नाण्यात. फ्रेंचांनी व्हिएतनाम बळकावला तेव्हा हे नाव त्यांच्याबरोबर गेले. व्हिएतनामी जिभेवर आणि लिपीत ते एक्स-यू झाले, आणि पुढे डाँगच्या शंभराव्या भागाला तेच नाव मिळाले. महागाईने तो शंभरावा भाग व्यवहारातून पुसून टाकला. आज त्या नाण्याने काही विकत घेता येत नाही, पण पटावर त्याचे नऊ गुण रोख मिळतात. आपला आणा १९५७ च्या दशमान पद्धतीने गेला, शेर आणि तोळा १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने हळूहळू बाजूला झाले. इंग्रजी शब्दयादीत मात्र तिघांचीही जागा शाबूत आहे. (तोळ्याला तर सराफांनीही अजून सोडलेले नाही.)

सी-डब्ल्यू-एम हा शब्द पाहून नवखा खेळाडू हरकत घेतो, कारण त्यात स्वरच दिसत नाही. उच्चार 'कूम'. वेल्श भाषेत डब्ल्यू हा स्वर आहे! अर्थ दरी, भूगोलात हिमनदीने कोरलेली, तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेली द्रोणाकार जागा. १९२१ च्या एव्हरेस्ट पाहणीत जॉर्ज मॅलरीला पश्चिमेकडील एक भव्य हिमद्रोणी दिसली. तो वेल्सच्या कड्यांवर गिर्यारोहण करीत आलेला, तेव्हा नावही तिकडचेच सुचले: वेस्टर्न कूम. १९५३ मध्ये तेनझिंग आणि हिलरी त्याच कूममधून शिखराकडे गेले. ज्या वेल्श भाषेला इंग्रजी शाळांत दीर्घकाळ दुय्यम लेखले गेले, तिचा हा तीन अक्षरांचा शब्द जगाच्या सर्वोच्च पर्वताच्या नकाशावर कायमचा कोरला गेला आहे.

ए-ए या जोडीला दोनच गुण आहेत, पण ती अडचणीत कामाला येते. हा हवाई बेटांतील शब्द. थिजल्यावर खडबडीत, अनवाणी पायाला फाडून काढणारा लाव्हा म्हणजे 'आआ'. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेला तो 'पाहोएहोए'. क्लॅरेन्स डटन या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात हे शब्द शास्त्रीय लेखनात रुळविले. येथे महाराष्ट्राचा धागा सहज जुळतो: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या दख्खनच्या कातळात भूशास्त्रज्ञ हेच दोन प्रकार ओळखतात. गड चढताना पायाखाली असलेल्या दगडाचे शास्त्रीय नाव प्रशांत महासागरातून आले आहे.

आणि ए-आय? मराठी वाचकाने तो पाहताच हसावे. उच्चार जवळजवळ 'आई'. अर्थ मात्र दक्षिण अमेरिकेतील तीन बोटांचा संथ प्राणी, स्लॉथ. ब्राझीलमधील तुपी लोकांनी त्याच्या आवाजावरून दिलेले हे नाव पोर्तुगीजांनी उचलले आणि ते युरोपात पोहोचले. आपल्या आईशी संबंध शून्य, निव्वळ योगायोग.

शब्दांना अर्थ नसतो, ही भूमिका शेवटी खेळाडूंनाच अडचणीची ठरली. २०२० मध्ये उत्तर अमेरिकेतील स्पर्धा-संघटनेने वंश, धर्म, लिंगभाव यांवरून माणसाला हिणविणारे शब्द यादीतून काढले. पुढच्या वर्षी उर्वरित जगासाठीच्या यादीतही तेच झाले. काही नामांकित खेळाडू संतापले. सोंगट्यांना द्वेष ठाऊक नसतो, असे त्यांचे म्हणणे. पण समोर बसलेल्या माणसाला तो ठाऊक असतो. ज्याच्या आजोबांना एखाद्या शब्दाने हाक मारली गेली, त्याच्यापुढे तोच शब्द मांडून गुण मोजणे ही केवळ आकडेमोड राहत नाही.

आता आपल्या वाटेवरचे दोन शब्द. झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातून जन्मणारा, तिबेट-लडाखातील ओझ्याचा प्राणी. इंग्लंडकडच्या यादीत तो झेड-ओ, झेड-एच-ओ, डी-झेड-ओ, डी-एस-ओ अशा अनेक वेषांत आहे. ऐकणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि तिबेटी ध्वनीला रोमन अक्षर अपुरे. त्या गोंधळाचा लाभ खेळाडूला.

अशा भारतीय शब्दांचा मोठा साठा हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात आहे. कोशाचे नाव मोहरमच्या 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांनी केलेले रूप. बर्नेल तर ग्रंथ छापून येण्याआधीच, १८८२ साली, वारला.

त्या कोशात 'घाट' हा शब्दही आहे. मराठी माणसासाठी घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या, आणि डोंगर ओलांडण्याची वाट: नाणेघाट, बोरघाट, थळघाट. डोंगराचे नाव सह्याद्री. किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपीयांनी वर जाणाऱ्या वाटांचे नाव ऐकले आणि ते सबंध पर्वतालाच चिकटविले. पुढे पूर्वेकडच्या डोंगरांनाही तेच नाव मिळाले, आणि शाळेच्या नकाशातून ते आपल्याकडेच 'पश्चिम घाट' होऊन परत आले. स्क्रॅबलच्या यादीत त्याची दोन स्पेलिंगे चालतात. चार अक्षरांच्या रूपाला आठ गुण आहेत.