माळवदावरची खोली

मराठवाड्यात घर वाढवायचं म्हटलं की आधी पाडायचाच विचार होतो. माळवद काढा, कॉलम उभे करा, स्लॅब टाका. जालन्यात तर सळईला तोटाच नाही. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांचा मुख्य माल तोच. अंबड, घनसावंगी, परतूरकडच्या गावांतून हिंडताना जुन्या वाड्यांच्या जागी उभी राहिलेली नवी घरं दिसतात, आणि त्यांच्या डोक्यावर पुढच्या मजल्यासाठी मोकळ्या सोडलेल्या सळया. मला मात्र आमचं माळवद ठेवायचं आहे आणि त्याच्यावर एक खोलीही हवी आहे. मुलांना अभ्यासाला जागा नाही, पाहुणा आला की ओसरीत अंथरुणं पडतात. गरज खरी आहे. पण तेवढ्यासाठी घर मोडायला मन धजत नाही.

आमच्याकडं घर खणांवर मोजतात. दगडी उथळ्यावर लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. भिंती दगडमातीच्या, चांगल्या दीड हात रुंद. पण छत पेललंय ते लाकडानं. वरचे थर बघायला मिस्त्रीमामांनी कोपऱ्यात हातभर रुंदीचा खड्डा घेतला. वर उन्हानं भेगाळलेली पांढरी माती, तिच्याखाली तिचेच जुने थर घट्ट बसलेले, एकेकाची रेघ वेगळी दिसावी असे. तळाशी फळ्यांवर अंथरलेल्या काटक्या आणि चुरा झालेला पाला. उन्हाळा ऐन भरात होता, तरी खाली हात घातला तर माती गार लागली. मिरगाच्या आधी गळती बुजवायला गावाच्या पांढरीतली माती आणून पसरायची, ही दरसालची रीत. जुनी कुणी काढली नाही, नवी पडत गेली.

त्या खड्ड्यापाशी बसून मी हिशेब केला. दाबलेल्या कोरड्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १६०० किलो. फूटभर थर धरला तर दहा बाय दहाच्या जागेवर जवळपास साडेचार टन, आणि पावसात भिजली की त्याहून जास्त. राहत्या खोलीत माणसं नि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरावेत, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे त्याच जागेला दोन टनांच्या आतच. एका भरल्या खोलीहून दुप्पट ओझं हे घर पिढ्यान् पिढ्या डोक्यावर घेऊन उभं आहे! आधी ते उतरवायचं, मगच वर काही चढवायचं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

कारण किल्लारीचा भूकंप आमच्या पिढीच्या मनातून गेलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबादकडं हजारो माणसं अशाच घरांत गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि वरून माळवदाचा भार आला. पण तिथंच हेही दिसलं की काही घरांत भिंती ढासळल्या तरी खणांची लाकडी चौकट उभी राहिली आणि तिच्याखालची माणसं वाचली. नंतर अभियंत्यांनी सांगितलेले उपाय साधेच होते: माळवदावरची माती कमी करा, भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड घाला, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे आधार द्या.

म्हणून खोली भिंतींवर बसवायची नाही. तिचे खांब खालच्या खांबांच्या बरोबर डोक्यावर येतील. चौकट हलक्या लोखंडाची. ती जालन्यात हवी तशी जोडून मिळते. विटा नकोत. आधी तुळयांची टोकं तपासायची, कारण भिंतीत गेलेलं लाकूड ओल आणि वाळवी धरतं. मिस्त्रीमामा दाभण टोचत गेले. एका टोकाला ते सुरसुर आत शिरलं. ‘‘दादा, ही तुळई बदलल्याबिगर वर पाय ठेवायचा नाही,’’ म्हणाले. सुताराला निरोप गेला आहे.

माती काढल्याचं नुकसान आहेच, ते मी नाकारत नाही. तिच्यामुळं चाळीस-बेचाळीसच्या उन्हातही खालचं माजघर निवतं. नुसते पत्रे टाकले तर वर भट्टी होईल. म्हणून छत दुहेरी: वर पत्रा, खाली फळ्यांचं, मध्ये वारा खेळायला वीतभर पोकळी. पश्चिमेला खिडकी नाही. उत्तरेला आणि पूर्वेला मोठ्या.

नकाशा आईला दाखवला तर तिनं पहिल्यांदा विचारलं, ‘‘कुरडया, खारोड्या कुठं वाळवायच्या रे?’’ मी अख्खं माळवद व्यापलं होतं. आता खोली मागच्या खणांपुरती आहे आणि पुढचं माळवद उघडं राहील. तिथली माती निम्मीच काढायची. काम दिवाळी झाली की सुरू, म्हणजे पावसाच्या आत छत होईल. उतरवलेली माती आपल्याच शेतात जाईल, पांढरीची माती पिकाला मानवते. भिंतीतला दगडी जिना अरुंद आहे, पलंग काही त्यातून वर जायचा नाही. सुतार म्हणतो, लाकूड वर न्या, पलंग तिथंच जोडून देतो.