हैदराबादची फेरी आणि लेकीची एम.एस्सी.

परभणीहून रात्री गाडीत बसलं की सकाळी सिकंदराबाद. मराठवाड्यातल्या जुन्या मुस्लिम घरांना ही वाट नवी नाही. माझे दादाजान याच रुळांवरून उस्मानिया विद्यापीठात शिकायला गेले होते. १९१८ साली सुरू झालेल्या त्या विद्यापीठात गणित-विज्ञानही उर्दूतून शिकवत. त्यासाठी पुस्तकं तयार करायला ‘दारुत्तर्जुमा’ हे भाषांतराचं वेगळं खातं होतं. गेल्या हिवाळ्यात त्याच वाटेने मी लेकीला घेऊन निघाले.

ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. पुढे डेटा सायन्स घ्यावं की कृत्रिम बुद्धिमत्ता, यावर घरात महिनाभर चर्चा चालली होती. तिच्या अब्बांचं म्हणणं एकच, “जमाना एआयचा आहे, तेच घे.” एका खासगी संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक घरी येऊन पडलं होतं. तिथली फी भरायची तर लेकीच्या लग्नासाठी जपलेलं सोनं मोडावं लागणार होतं. ती काही बोलत नव्हती. मी म्हटलं, आधी एक चांगलं विद्यापीठ डोळ्यांनी पाहून येऊ, मग ठरवू.

सिकंदराबादहून मेट्रोने रायदुर्गला उतरलो. वाटेत हायटेक सिटीच्या काचेच्या इमारती पाहून लेकीचे डोळे मोठे झाले. तिथून रिक्षाने गच्चीबावलीला हैदराबाद विद्यापीठात. १९७४ साली स्थापन झालेलं हे केंद्रीय विद्यापीठ म्हणजे एकावर एक रचल्यासारखे प्रचंड खडक, तळी आणि झाडी. बाहेरच्या रस्त्याला सी. आर. राव यांचं नाव आहे. लेक पाटीपाशी थबकली. “अम्मी, हे आमच्या पुस्तकात आहेत!” १९४५ साली, ऐन पंचविशीत, राव यांनी दाखवून दिलं की माहितीवरून बांधलेल्या अंदाजातली अनिश्चितता एका मर्यादेखाली आणताच येत नाही. २०२३ मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी त्यांचं निधन झालं. संख्याशास्त्रज्ञाच्या नावाचा रस्ता मी पहिल्यांदाच पाहिला.

या एकाच आवारात संख्याशास्त्राची एम.एस्सी. आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची एम.टेक.ही. संगणक विभागाबाहेर एम.टेक. करणारा नांदेडचा एक मुलगा भेटला. मराठी ऐकून तोच पुढे आला. मी विचारलं, “बेटा, या दोन्हींत फरक काय?”

तो हसला. “मॅडम, पाया एकच. २०२४ पासून गेट परीक्षेत दोन्हींचा मिळून एकच पेपर आहे. संभाव्यता, रेषीय बीजगणित, प्रोग्रॅमिंग, मशीन लर्निंग सगळ्यांनाच करावं लागतं. पुढे वाटा फुटतात. डेटा सायन्सवाला विचारतो, ही माहिती खरंच काय सांगते आणि ते मी कितपत खात्रीने म्हणू शकतो? एआयवाला असं यंत्र घडवतो, जे पाहील, वाचेल, निर्णय घेईल.”

मी ते माझ्या शाळेत लावून पाहिलं. आठवीनंतर आमच्या कितीतरी मुली शाळा सोडतात. दहा वर्षांची हजेरीपत्रकं घेऊन कोणती मुलगी, कोणत्या महिन्यात, कशामुळे गळते हे शोधणं म्हणजे डेटा सायन्स. आणि मुलांची उर्दू वही वाचणारं यंत्र बनवणं म्हणजे एआय. तेही सोपं नाही. नस्तालीक लिपीत अक्षर जागेप्रमाणे रूप बदलतं आणि शब्द तिरके उतरत जातात. दोन्ही कामं मोलाची, पण माणसं वेगळ्या स्वभावाची लागतात.

त्या मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. एम.टेक.ला साधारणपणे बी.ई., बी.टेक. किंवा एम.सी.ए.सारखी पदवी आणि गेटचे गुण मागतात. बी.एस्सी.नंतर इथल्या एम.एस्सी.साठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा असते. एम.एस्सी. झाल्यावर गेट देऊन काही ठिकाणी एम.टेक.कडेही वळता येतं. म्हणजे आज एक दार निवडलं म्हणून दुसरं कायमचं बंद होत नाही.

दुपारी झाडाखाली डबा उघडला. लेकीने पिशवीतून ते माहितीपत्रक काढलं आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवलं. माहितीपत्रकात रोबोटचे फोटो होते, नोकरीची आश्वासनं होती. पण पहिल्या सत्रात कोणते विषय आणि ते कोण शिकवणार, याचा उल्लेखच नव्हता. ती म्हणाली, “अम्मी, मला यंत्र बनवण्यापेक्षा आकड्यांमागचं कारण शोधायला आवडतं. पण अब्बांना वाईट वाटेल, म्हणून बोलले नाही.” महिनाभर आम्ही तिच्याविषयी बोलत होतो, तिच्याशी नाही. शिक्षिका असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

परतीच्या गाडीत तिने अब्बांना स्वतः फोन केला. आधी संख्याशास्त्राची पक्की एम.एस्सी., मग डेटा सायन्स. पुढे वाटलं तर एआय. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे, ते बघ.”

सोनं अजून कपाटात आहे. परीक्षेची तयारी सुरू आहे. दुआ करा.