लोखंडी बँक आणि माझा शेरा

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवता, असे कोणी विचारले की मी थोडा संकोचतो. सकाळचे फिरणे, वाचन, सामायिक ही उत्तरे खरी आहेत, पण पूर्ण नाहीत. मला अद्भुतकथांचे चित्रपट आणि मालिका पाहण्याचा नाद आहे. १९८५ साली दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ आले तेव्हा तो लागला. एम.कॉम. होऊन आयुष्यभर जमाखर्च तपासणाऱ्या माणसाने झाडावरच्या बेतालात रमावे, याचे घरच्यांना आजही नवल वाटते.

तपासणीची सवय मात्र सुटत नाही. जे पाहीन त्यावर एखाद्या ओळीचा शेरा मी जुन्या डायरीत लिहून ठेवतो. ‘चंद्रकांता’तील क्रूरसिंग आणि त्याचे ‘यक्कू’ : “खलनायक असून वाट पाहावीशी वाटते. अखिलेंद्र मिश्र यांना पूर्ण गुण.” हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटातील ग्रिंगॉट्स बँक : “तिजोऱ्या उत्तम, ग्राहकसेवा उद्धट.” राही अनिल बर्वे यांचा २०१८चा ‘तुंबाड’ : “भांडवलाशिवाय नफा शोधणाऱ्यांनी अवश्य पाहावा. रात्री एकट्याने पाहू नये.” आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा २०१९चा शेवटचा हंगाम : “सात हंगामांत जमवलेली पुंजी सहा भागांत उधळली.”

ही शेवटची मालिका कुटुंबात मुलाबाळांसह पाहण्याजोगी नाही, हे आधीच सांगतो. हिंसा आणि इतरही बरेच काही त्यात आहे. मी ती पाहिली माझ्या पुतण्याबरोबर, मुलचेऱ्याला.

मुलचेरा हे आमचे मूळ घर. गडचिरोली जिल्ह्यातील हा जंगलवेढा तालुका. मी नोकरीनिमित्त बाहेर पडलो आणि शेवटी चंद्रपूरला स्थिरावलो. धाकट्या भावाने वडिलांचे किराणा दुकान सांभाळले. आता चातुर्मासातील काही दिवस मी त्याच्याकडे जातो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते, पावसाने वीज आणि नेटवर्क दोन्ही जाते, आणि संध्याकाळ लांबच लांब होते. पुतण्या मालिकेचे भाग मोबाईलवर आधीच उतरवून ठेवतो. आम्ही दोघे पडवीत बसून पाहतो. भाऊ शेजारी खाटेवर उधारीची वही चाळत असतो. पाहत नाही, पण ऐकतो सारे.

चौथ्या हंगामातील एका भागात स्टॅनिस नावाचा राजा ब्राव्होस शहरातील ‘लोखंडी बँके’त कर्ज मागायला जातो. मी सरसावून बसलो. हा माझा प्रांत! बँकेचे अधिकारी शांतपणे विचारतात, सैन्य किती, जहाजे किती, तुमच्या बेटावर पिकते काय. राजाजवळ सांगण्यासारखे थोडेच. नकार मिळतो. मग त्याचा सेवक डाव्होस आपला हात पुढे करतो. त्याच्या बोटांची टोके छाटलेली आहेत. तो पूर्वी तस्करी करीत असे. वेढ्यात उपाशी मरणाऱ्या स्टॅनिसला त्यानेच चोरून कांदे आणून वाचवले. स्टॅनिसने उपकाराबद्दल त्याला सरदारकी दिली, आणि जुन्या गुन्ह्याबद्दल बोटेही छाटली. डाव्होसचे म्हणणे एवढेच, की जो माणूस स्वतःच्या उपकारकर्त्याचाही हिशेब असा चोख करतो, तो तुमचे देणे बुडवणार नाही. कर्ज मंजूर होते.

पुतण्याने मोबाईल थांबवला. “मोठे बाबा, तुमच्या बँकेत याला कर्ज मिळालं असतं का?”

“छे! तारण काय? जामीनदार कुठे?” मी हसत म्हणालो.

तो हसला. खाटेवरची वही चाळण्याचा आवाज मात्र थांबला.

१९९५च्या पावसाळ्यात दुकानाचे छप्पर गळून तांदूळ, गूळ, साखर असा भरलेला माल भिजला. भाऊ शनिवारच्या संध्याकाळी एस.टी.ने चंद्रपूरला आला. रविवारी सकाळी ‘चंद्रकांता’ लागले होते. त्याने भाग संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारले, “दादा, व्यापाऱ्याकडून माल उचलायचा आहे. तू जामीन राहशील?” मी म्हणालो, बँकेच्या नोकराला असे जामीन राहता येत नाही, नियम आहे. नियम खराच होता. तो दुपारच्या गाडीने परत गेला. पुढे त्याने वहिनींचे दागिने मोडले आणि चार वर्षांत दुकान पुन्हा उभे केले. आमच्यात भांडण झाले नाही. येणे-जाणे राहिले, फक्त बोलणे कमी झाले.

जामीन न राहण्याचा नियम होता. पण माझ्या बचतीतून रक्कम काढून भावाला देऊ नये, असा कोणताही नियम नव्हता. ती गोष्ट मी बोललोही नाही. घर बांधायचे मनात होते. आज त्या सकाळचा क्रूरसिंग मला स्पष्ट आठवतो, भावाचा चेहरा आठवत नाही. नाद असणाऱ्याने हे लिहिणे लाजिरवाणे आहे, तरी लिहितो.

त्या रात्री पुतण्या झोपायला गेल्यावर मी हे सारे भावाला सांगितले. एकोणतीस-तीस वर्षे उशिरा. तो बराच वेळ पावसाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “पैसे तर कुठूनही उभे होतात दादा. तू ‘बघतो’ म्हणशील, येवढंच वाटलं होतं.”

मी क्षमा मागितली. त्याने मान हलवली. ती होकाराची होती की नुसती झोपेची, ते मी विचारले नाही.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही पुढचा भाग लावला तेव्हा त्याने खाट थोडी जवळ ओढून घेतली. अर्ध्या तासाने म्हणाला, “हा राजा काही मला टिकणारा दिसत नाही.” अंदाज बरोबर होता, पुढच्याच हंगामात स्टॅनिस मारला जातो. पण मी काही सांगितले नाही. डायरीत त्या भागासमोर शेरा लिहिला : “आज तिघांनी पाहिला.”