उणे चाळीस

मे महिन्यातली दुपार. सांगोल्यात पत्र्याच्या शेडखाली आमची पिकअप उभी, बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता. फोनला जोडलेला स्कॅनर मात्र इंजिनाचं तापमान दाखवत होता : उणे ४०. पोटात एकदम कालवलं. एका आकड्यानं एवढं का व्हावं, ते तेव्हा कळलं नाही.

आठवडाभर गाडीचं काहीतरी बिनसलं होतं. टेंपरेचरचा काटा तळाला पडून, हीटरचा दिवा विझायला वेळ लावणारा, सुरू झाली की रेस चढी. चेक लाईट तर विझतच नव्हती. गॅरेजवाला म्हणाला, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेलं, नवीन टाका. डाळिंबाच्या एका तोड्याचे पैसे मागत होता. बॉनेट उघडून आत वाकला असता, तर मी राग धरला नसता.

इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर तसा भोळा. तापला की त्याचा रोध कमी होतो, निवला की वाढतो. वायरच सुटली की ईसीएमला वाटतं, बाहेर हाडं गोठवणारी थंडी आहे. म्हणून उणे ४०, आणि म्हणून पी ०११८ हा कोड. हात घालून चाचपलं, तर वायरीचा कपलर सेन्सरला टेकून होता, बसलेला नव्हता. पंधरवड्यापूर्वी पाईप बदलताना काढला असणार. त्याच्या दोन्ही पिना वायरीच्या तुकड्यानं जोडून पाहिल्या. आकडा थेट शंभराच्या पुढं गेला. म्हणजे ईसीएम शाबूत होतं. बिचारं, त्याला जे सांगितलं जात होतं तेच खरं मानत होतं.

अण्णांच्या जुन्या गाडीत असलं काही नव्हतं. पंढरपूरच्या रस्त्यावर एका रात्री ती तापली होती. क्रेट भरलेले, मला घाई. "झाकनाला हात लावू नगंस. निवू दे तिला." रेडिएटरचा वरचा पाईप ते दर थोड्या वेळानं फडक्यातून दाबून बघायचे. कडक लागला की आत दाब आहे, मऊ लागला की उघडायचं. अंधारात त्यांचा तो हात तेवढा दिसत होता.

पिकअपचं इंजिन डिझेलचं. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली चालवून दाखवलेल्या इंजिनात ठिणगीच नव्हती. हवा दाबून दाबून इतकी तापवायची, की तेल आपणहून पेटावं. थंडी हा या इंजिनाचा जुना वैरी. २९ सप्टेंबर १९१३च्या रात्री इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून रुडॉल्फ डिझेल नाहीसा झाला. पुढं प्रेत समुद्रात सापडलं. हे वाचल्यापासून मला त्या पाण्याचा गारठाच आठवत राहतो.

आमची गाडी २०१७ची, भारत स्टेज-४ देशभर लागू झालं त्या वर्षीची. अण्णा तिच्यात बसले, पण तिच्याशी त्यांचं जमलं नाही. "हिला हात लावून काय कळतच न्हाई," म्हणायचे.

कपलरमधली धूळ पुसली, अंगठ्यानं दाबला. खट्. दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन रात्रभर निवल्यावर, स्कॅनरवर २९ आणि ओसरीतल्या तापमापकावरही २९. काम झालं होतं. तरी मी वरचा पाईप दाबून बघितला. आणि आदल्या दुपारी पोटात काय कालवलं होतं, ते आठवलं.

गेल्या साली याच महिन्यात अण्णा खाटेवरून म्हणत होते, "थंडी वाजतीया." थर्मामीटर लावला, ताप नव्हता. मी त्यांना समजावत बसलो : अण्णा, बाहेर बेचाळीस आहे. एकदा नाही, तीनदा. दर वेळी ते माझ्याकडं बघत आणि पुन्हा तेच म्हणत. आई काही बोलली नाही. तिनं गोधडी काढली, त्यांच्या अंगावर घातली आणि खाली बसून त्यांचे तळपाय चोळत राहिली. किती तरी वेळ.

ती गोधडी आता पिकअपच्या सीटवर असते. दुपारी फार तापते. मी ती काढत नाही.