शिशाची खतावणी

शिसे हा धातू दिसायला मोठा गरीब. सोन्याची झळाळी त्याला नाही, लोखंडाचा ताठा नाही. नखाने ओरखडा काढावा तर उमटतो, विस्तवावर ठेवावे तर ३२७ अंशांना मुकाट्याने वितळते. या गरीब स्वभावावर भाळूनच माणसाने त्याला घरात घेतले असावे!

आमच्या आळीत एक छापखाना होता. तिथले कंपोझिटर अण्णा दिवसभर केसपुढे उभे राहून खिळे वेचीत. खिळे शिशाचेच; टणकपणासाठी अँटिमनी आणि कथील मिसळलेले. दुपारी तेच काळे हात धोतराला पुसून अण्णा भाकरी मोडीत. त्यांचे पोट वरचेवर दुखे. ओवा झाला, हिंग झाला, आणि शेवटी सारे खापर फुटले ते काकूंच्या तिखट आमटीवर. ते दुखणे शिशाचेच होते, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. अण्णांचे रक्त कोणी तपासलेच नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात डॉक्टरांनी सरकारला कळवावयाच्या रोगांची यादी होती, आणि तिच्यात पहिले नाव शिशाच्या विषबाधेचे होते. पण आळीतल्या डॉक्टरांपुढे अण्णा आले ते पोट घेऊन, छापखाना घेऊन नव्हे.

कारखान्यातली हवा यंत्राने मोजता येते. आकडा मर्यादेत आला की मालक निश्चिंत. पण कामगार काय नुसता कारखान्यातच श्वास घेतो? घरी जुन्या रंगाचे पोपडे असतात. डोळ्यांत घालायच्या सुरम्यात शिसे असू शकते, भेसळीच्या कल्हईतही असू शकते. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात शिशाचे क्रोमेट मिसळणारे महाभागही आहेत. प्रत्येक जण म्हणतो, माझे ते थोडेच! शरीराला मात्र एकच खतावणी ठाऊक. कुठलीही रक्कम येवो, जमा एकाच खात्यावर.

त्यातून उपाशी पोटी शिसे अधिक शोषले जाते. आहारात चुना आणि लोह कमी असले तरीही तेच. म्हणजे तीच धूळ, पण फाटक्या माणसाच्या अंगी अधिक लागते. रक्ताच्या तपासणीत बहुतेक अलीकडच्या महिन्यांचा हिशेब कळतो. जुनी शिल्लक हाडांत. मोठ्या माणसाच्या शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे तिथे वर्षानुवर्षे दडून राहते आणि म्हातारपणी हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते. अण्णांना पेन्शन नव्हती. शिशाची ही पेन्शन मात्र न मागता मिळत असली पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले, की डेसिलिटरभर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे सापडले तर ते कुठून येते ते शोधून काढावे. शोध स्वयंपाकघरापर्यंत जरूर न्यावा. फक्त हळदीचा डबा सापडला म्हणून मालकाने हात झटकू नयेत. काकूंच्या आमटीचे एकदा झाले तेवढे पुरे.

खिळ्यांचे छापखाने आता जवळजवळ गेले. पण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारे हात आजही आहेत. तो मजूर संध्याकाळी घरी येतो, आणि अंगावरचा सदरा उतरवण्याआधीच धाकटे पोर धावत येऊन त्याला बिलगते.